गाळ खाली बसू द्या

मागच्या अंकात बोलता बोलता लिहून गेले होते, की माझी सकाळची कॉफी हाताने दाबायच्या प्रेसमध्ये, म्हणजे जाळीचा दट्ट्या असलेल्या काचेच्या भांड्यात, होते. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली, की या वेळचं सदर त्यांनाच दिलंय. लोणच्याची बुरशी आणि कुकरची शिट्टी पुढच्या अंकात.

प्रश्न : मुलाने बेंगळुरूहून काचेचा फ्रेंच प्रेस आणला. त्यात मी आमच्या नेहमीच्या दुकानातली फिल्टर कॉफीची पूड घालते. दांडा खाली जाता जात नाही, कॉफी कडू होते आणि कपाच्या तळाशी चिखल बसतो. मुलगा म्हणतो, आणखी जोर लाव. काय चुकतंय?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : जोर लावू नका. हे आजपासूनच.

माझ्या उजव्या मनगटावर आतल्या अंगाला बोटभर लांब पांढुरका डाग आहे. चार वर्षांपूर्वीच्या श्रावणातला. प्रेस नवा होता आणि पूड तुमच्यासारखीच, फिल्टरची. दट्ट्या अर्ध्यावर येऊन अडला. मी ओट्याशी चवड्यांवर उभी राहिले आणि तळहाताचा सगळा भार टाकला. दांडा तिरका झाला, जाळीची कड काचेला टेकली आणि भांडं बुडापासून उभं तडकलं. कढत कॉफी मनगटावर आली. वीस मिनिटं हात नळाखाली धरला म्हणून तेवढ्यावर निभावलं. प्रयोगशाळेत तीस वर्षं मुलांना सांगत आले, की काचेची नळी बुचात घालताना अडली तर बाहेर काढायची, रेटायची नाही. इथेही तेच. दट्ट्या अडला की इंचभर वर घ्या, पूड बसू द्या, मग पुन्हा सावकाश.

अडतं ते दळणामुळे. दक्षिणी फिल्टरमध्ये पाणी आपल्याच वजनाने थेंब थेंब झिरपतं. तिथे पूड बारीकच लागते, नाहीतर पाणी नुसतं वाहून जाईल. प्रेसमध्ये सगळी पूड सगळ्या पाण्यात भिजत पडते. बारीक पूड आपलं चांगलं ते पहिल्या मिनिटा-दोन मिनिटांत देऊन टाकते आणि उरलेल्या वेळात कडवट, तुरट तेवढं सोडत राहते. काही जाळीत अडकून ती तुंबवते, काही जाळीतून निसटून कपात येते. तोच तुमचा चिखल.

आता दळण किती जाड हवं? आपल्या घरात याचं माप आहेच. फ्रेंच प्रेसला उपम्याच्या जाड रव्याएवढं. एरोप्रेस, म्हणजे खालच्या टोपीत कागदी चकती बसवून वरून दट्ट्याने कॉफी दाबून काढायची नळी, तिला बारीक रव्याएवढं. दक्षिणी फिल्टरला त्याहून बारीक, पण पिठासारखं नाही. शक्य असेल तर दाणेच आणा आणि घरी मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात मूठ-मूठ दळा. बटण दाबून ठेवायचं नाही. दोन सेकंद फिरवायचं, थांबायचं, भांडं हलवायचं, पुन्हा दोन सेकंद. असं दहा-बारा वेळा. त्याआधी मूठभर कच्चे तांदूळ फिरवून टाका, म्हणजे लसणीच्या चटणीचा वास निघून जाईल.

मिक्सरचं दळण एकसारखं कधीच येत नाही. म्हणून मी चाळते. वर रव्याची चाळणी, खाली पिठाची. रव्याच्या चाळणीवर उरतं ते पुन्हा मिक्सरला. पिठाच्या चाळणीतून खाली पडतं ते प्रेसमध्ये घालायचं नाही. पहिल्यांदा चाळलं तेव्हा खाली पांढरा कागद ठेवला होता. मूठभर दळणातून चमचाभर तरी भुकटी पडली, आणि बोटाच्या रेषांत अशी बसली की दोनदा हात धुवावे लागले. ही भुकटी मी रोज पीत होते! ती टाकू नका, वेगळ्या डबीत ठेवा. दुधाच्या कॉफीला कामी येते.

दुकानातल्या पुडीचा डबा एकदा उलटून बघा. कॉफी किती आणि चिकोरी किती, हे छापलेलं असतं. कायद्याने अशा मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के लागते, म्हणजे उरलेली ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी असू शकते. चिकोरी ही भाजलेली मुळी. ती पाण्यात चटकन उतरते, रंग देते, दाटपणा देते. दुधाच्या कॉफीत ती शोभते. प्रेसमध्ये मात्र जाळीखाली तिचा लगदा होतो.

करायची रीत अशी. तुमचा प्रेस साधारण साडेतीनशे मिलिलिटरचा असेल असं धरते. २० ग्रॅम जाड दळण, ३२० मिलिलिटर पाणी. स्वयंपाकघरात वजनकाटा नसेल तर चार सपाट मोठे चमचे. प्रेस आधी गरम पाण्याने विसळून घ्या, गार काचेत कॉफी लगेच निवते. पाण्याला उकळी आली की गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबा, मग सगळं पाणी एकदम ओता. चार मिनिटं हात लावू नका. वर पुडीचा जाड थर येतो. तो चमच्याने दोनदा हलवला की पूड हळूहळू खाली जाते. वर उरलेला फेस आणि तरंगणारे कण चमच्याने काढून टाका.

आणि आता थांबा. आणखी पाच मिनिटं. ही पाच मिनिटं कुणीच थांबत नाही, आणि खरी कॉफी त्यातच होते. गाळ आपणहून तळाशी बसतो. मी तेवढ्यात परडी घेऊन अंगणातली जास्वंदीची फुलं काढून येते. मग दट्ट्या फक्त कॉफीच्या पृष्ठभागापर्यंत आणा, तळापर्यंत दाबू नका. दाबलात की बसलेला गाळ पुन्हा उठतो. जाळी नुसती गाळणी म्हणून वापरायची. बारीक धारेने ओता आणि तळचे दोन घोट प्रेसमध्येच राहू द्या. नाव फ्रेंच असलं तरी या दट्ट्याचं १९२९ चं पेटंट मिलानच्या दोन इटालियन माणसांचं आहे. दाबण्याचा हट्ट मात्र आपला सगळ्यांचा.

प्रश्न : बाई, मी तुमच्या १९९८ च्या बारावीच्या तुकडीतला. रोज सकाळी सहाला ड्यूटी असते म्हणून एरोप्रेस घेतला. बरोबर आलेल्या कागदी चकत्या संपल्या आणि इथे कुठल्याच दुकानात मिळत नाहीत. धुवून पुन्हा वापरता येईल अशी गाळणी हवी आहे. स्टीलची जाळी घेऊ की कापड चालेल?
– कराड

उत्तर : तुझ्या तुकडीने फिल्टर पेपरच्या घड्या घालून माझे किती डबे संपवले ते अजून लक्षात आहे. तेव्हा कागदापासूनच सुरू करू. कॉफीला कागद लावण्याची कल्पना १९०८ सालची, जर्मनीत ड्रेस्डेनला राहणाऱ्या मेलिटा बेंट्झ या गृहिणीची. पितळी भांड्याच्या बुडाला तिने भोकं पाडली आणि मुलाच्या वहीतला टीपकागद आत घातला. हे मी वर्गात सांगायचे. उत्तम गाळण साध्या टीपकागदानेही होतं, हे मुलांना पटावं म्हणून.

एरोप्रेसची चकती एकदाच वापरून टाकायची असते, हा समज आहे. टोपी काढ, चोथ्याची वडी केराच्या डब्यात पाड, चकती अलगद सोडवून नळाखाली धर आणि स्टीलच्या ताटलीवर उलटी पसरून वाळव. एक चकती चार-पाच वेळा सहज जाते. पुढचं पाकीट आलं की हे करून बघ.

स्टीलची जाळी आयुष्यभर पुरेल. तिच्यातून कॉफीचं तेल कपात येतं. जिभेवर जाडी येते, काहींना तीच आवडते. थोडी भुकटीही येते, म्हणून दळण अर्ध्या पायरीने जाड ठेव. पाणी ओतल्या ओतल्या जाळीतून कॉफी गळायला लागेल. घाबरू नकोस, दट्ट्या वरून सेंटिमीटरभर आत बसव. वरून हवा आत शिरत नाही, खालून बाहेरची हवा कॉफीला तोलून धरते आणि गळती थांबते. प्रयोगशाळेत पिपेटच्या, म्हणजे मापाच्या काचनळीच्या, तोंडावर बोट ठेवायचास, तेच हे.

कापड माझं स्वतःचं आहे, म्हणून जास्त सांगते. सासऱ्यांचं एक पांढरं सुती धोतर होतं, धुवून धुवून साईसारखं मऊ झालेलं. जुन्या कागदी चकतीला पेन्सिल फिरवून त्यातून आठ चकत्या कापल्या, रेघेच्या दोन धागे बाहेरून. कड दुमडून शिवली नाही, कारण शिवण जाड होते आणि टोपी घट्ट बसत नाही. कापड नवं असेल तर आधी दहा मिनिटं उकळ, पाणी बदलून पुन्हा उकळ, म्हणजे खळ निघते. पहिल्या उकळीला पाण्यावर जो पांढुरका तवंग येतो, तो कपात गेला असता. नंतर त्याला साबण कधीच लावायचा नाही. साबण धाग्यात बसतो आणि दुसऱ्या दिवशीच्या कॉफीत उतरतो. वापरून झालं की गरम पाण्यात चोळ, पिळू नकोस, आणि वाटीभर पाण्यात बुडवून फ्रीजमध्ये ठेव. पाणी रोज बदल. कोरडं ठेवलंस तर धाग्यातलं तेल हवा लागून खवट होतं. माझी एक चकती तीन-चार आठवडे जाते. कडेचे धागे सुटायला लागले की दुसरी.

कापडातून येणारी कॉफी कागदाइतकी कोरडी नसते आणि जाळीइतकी जाड नसते. मला ती सगळ्यांत गोड वाटते. पण रोज सकाळी पाणी बदलणं तुला जमणार आहे का, हे तूच ठरव. सहाची ड्यूटी असेल तर स्टील घे.

माप : १५ ग्रॅम दळण, २०० मिलिलिटर पाणी. एरोप्रेस शोधणारे अमेरिकेतले अॅलन अॅडलर, हे यंत्र त्यांनी २००५ साली आणलं. ते पाणी ८० ते ८५ अंशांचं वापरायला सांगतात. फार भाजलेल्या कॉफीला ते बरोबरच आहे. मध्यम भाजलेली असेल तर मी ९० च्या वर जाते. दीड-दोन मिनिटं भिजव, एकदा ढवळ, मग अर्ध्या मिनिटात सावकाश दाब. शेवटी फुस्स आवाज आला की थांब.

प्रश्न : माझं कोलेस्टेरॉल वाढलं आहे. मैत्रीण म्हणते प्रेसची कॉफी बंद कर, फिल्टरची पी. यात तथ्य आहे का?
– वाई

उत्तर : आहे. कॉफीच्या तेलात कॅफेस्टॉल आणि काह्वेऑल नावाची द्रव्यं असतात. ती रक्तातलं एलडीएल, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो ते, वाढवतात. उकळलेल्या, न गाळलेल्या कॉफीत आणि धातूच्या जाळीच्या प्रेसमध्ये ती कपात येतात. कागद ती बहुतेक सगळी अडवतो. तेव्हा वर कराडच्या उत्तरात जाळीचं आणि कापडाचं जे कौतुक केलं ते तुमच्यासाठी नाही. तुम्ही कागद वापरा. आणि डॉक्टरांकडे जाल तेव्हा दिवसाला किती कप, एवढंच सांगून थांबू नका. कॉफी कशी करता तेही सांगा.

प्रश्न : दाणे कोणते घ्यावेत?
– फलटण

उत्तर : चिकमगळूर किंवा कोडगूचे, अरेबिका जातीचे, मध्यम भाजलेले. पाकिटावर ‘प्लँटेशन ए’ (ही मोठ्या दाण्यांची प्रत) किंवा ‘पीबेरी’ दिसेल. कॉफीच्या फळात एरवी दोन दाणे असतात, प्रत्येकाची एक बाजू सपाट. एकच भरला तर तो गोल होतो, ती पीबेरी. दोन्ही चांगले. मुख्य म्हणजे भाजल्याची तारीख बघा. महिन्याच्या आतली हवी. पाव किलोच्या वर आणू नका, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, फ्रीजमध्ये नको. ताज्या पुडीवर पाणी पडलं की ती कणकेसारखी फुगते आणि बुडबुडे येतात. तो भाजताना दाण्यात अडकलेला कार्बन डायऑक्साइड. पूड निपचित पडून राहिली तर समजा, दाणे जुने आहेत.

प्रश्न : पहिले दोन महिने प्रेसची कॉफी सुरेख लागायची. आता तीच पूड, तेच माप, पण एक विचित्र वास येतो आणि चवीला मातकट लागते. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे.
– मिरज

उत्तर : दोन गोष्टी झाल्या आहेत. वास जाळीचा आणि चव पाण्याची.

वास आधी. आज रात्री दट्ट्याचा दांडा फिरवून खालचे भाग सोडवा. तीन तुकडे निघतील : वरची तबकडी, मधली बारीक जाळी, खालची भोकांची चकती. मधली जाळी खिडकीपाशी उजेडात धरा. कडेच्या दुमडीत तपकिरी, चिकट रेघ दिसेल. नखाने खरवडून हुंगा. जुन्या खोबऱ्याच्या वाटीला जो खवट वास येतो तोच येईल, कारण गोष्ट तीच आहे : तेल आणि हवा. वरवर विसळून ते निघत नाही. पातेल्यात अर्धा लिटर कढत पाणी, त्यात एक चमचा धुण्याचा सोडा, आणि तिन्ही स्टीलचे तुकडे वीस मिनिटं बुडवून ठेवा. पाणी चहासारखं होईल. जुन्या दातांच्या ब्रशने कड घासा आणि तीन पाण्यांनी धुवा. ॲल्युमिनियमचा एखादा भाग असेल तर तो सोड्यात घालू नका. हे दर रविवारी. रोज मात्र निदान तुकडे सोडवून गरम पाण्याने धुवा. धुवून वापरायच्या गाळणीत पैसे वाचतात हे खरं, पण ती गाळणी रोज वेळ मागते. तेवढा द्यावा लागतो.

आता पाणी. बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असतं, ते कॉफीतली आम्लं मारून टाकतं. कॉफीतला फळासारखा आंबूसपणा जातो आणि उरते ती सपाट, मातकट चव. तुमच्या किटलीच्या बुडाशी पांढरी खपली धरत असेल, तर हेच. आरओचं नुसतं पाणीही चांगलं नाही, त्यातून कॉफी नीट उतरत नाही. दोन्ही निम्मं-निम्मं घेऊन बघा. आमच्या साताऱ्यात कासचं पाणी येतं तेव्हा मला काही करावं लागत नाही. पठारावरच्या पावसाचं ते पाणी, जवळजवळ क्षारच नसतात.

प्रश्न : आमच्याकडे उंचीमुळे पाणी कमी तापमानाला उकळतं. मग कॉफी कच्ची राहते का?
– पाचगणी

उत्तर : नाही, उलट तुमचं काम सोपं आहे. दर ३०० मीटरला साधारण एक अंश उतरतो. सांगलीत पाणी ९८ च्या आसपास उकळतं, साताऱ्यात साडेसत्त्याण्णवच्या, आणि तुमच्याकडे साडेपंच्याण्णवच्या जरा वर. कॉफीला ९० ते ९६ हवं. उकळी फुटली की थांबू नका, लगेच ओता. तुमच्या गावच्या सिल्व्हर ओकच्या ओळी बघितल्या की मला कोडगू आठवतं. तिथल्या कॉफीच्या मळ्यांवर सावलीला हीच झाडं असतात.

प्रश्न : सासूबाई ८४ वर्षांच्या. त्यांना जायफळाचीच कॉफी लागते, दूध घातलेली, गोड. आम्ही प्रेस आणल्यापासून त्या म्हणतात, हे काळं पाणी तुम्हीच प्या. प्रेसमध्ये त्यांच्यासारखी कॉफी होईल का? दूध सरळ प्रेसमध्येच घातलं तर?
– शनिवार पेठ, सातारा

उत्तर : होईल, आणि आधी त्यांचीच करा. मात्र दूध प्रेसमध्ये घालू नका. दुधाची स्निग्धता जाळीत बसते, दुसऱ्या दिवशी आंबूस वास मारते, आणि दुधात कॉफी पाण्याइतकी नीट उतरतही नाही.

प्रेसमध्ये अर्क काढा. ४० ग्रॅम दळण, ३०० मिलिलिटर पाणी. वर चाळून वेगळी ठेवलेली भुकटी इथेही प्रेसमध्ये नको. सहा मिनिटं भिजवा, गाळ बसू द्या, आणि या वेळी जाळीतून आलेला अर्क पुन्हा एकदा कापडातून गाळून घ्या. वयस्क माणसाच्या घशाला कण लागू नयेत.

सासूबाईंना जे आठवतंय, त्यात चिकोरी आहे, हे लक्षात घ्या. त्यांच्या तरुणपणी डब्यातून यायची ती कॉफी चिकोरीचीच असायची. तेव्हा अर्धा चमचा चिकोरी आणि चमचाभर भुकटी पाव वाटी कढत पाण्यात पाच मिनिटं ठेवा, फडक्यातून गाळा आणि अर्कात मिसळा. रंग लगेच गडद होईल आणि त्यांना हवा तो जडपणा येईल.

अर्धा लिटर म्हशीचं दूध साखर घालून तापवा. एक उकळी पुरे. जायफळ सहाणेवर दुधाच्या दोन थेंबांत उगाळा, सहा-सात वळसे, जास्त नाही. जायफळ वाढलं की कडू होतं आणि डोकं जड करतं. तीन वेलदोडे कुटून घ्या. गॅस बंद करून मगच दोन्ही घाला आणि दोन मिनिटं झाकून ठेवा. उकळत्या दुधात घातलं तर वास सगळा स्वयंपाकघरात जातो आणि कपात काही उरत नाही. मग अर्क घाला, पुन्हा उकळू नका.

प्रेस त्यांच्यासमोर आणू नका. कॉफी आतून कपबशीतच न्या, आणि बशी खोलगट घ्या. आमच्या सासूबाई शेवटपर्यंत बशीत ओतूनच प्यायच्या, फुंकर घालत.